कावळ्याला दिलेला शब्द

२४ जानेवारी १९७९

आज यांचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मोठी पातेली घासून झाली, आणि घरात एकदम इतकी जागा झाली की कुठे बसावं ते कळेना. म्हणून ही वही काढली. वही यांचीच. पहिली सोळा पानं यांच्या अक्षरात, पुढची कोरी. वहीवर लिहिलंय, 'पुंजाराम, कारकून, पाटबंधारे खाते'. त्याखाली मी लिहिलं, 'मालनबाई, सातवी पास'. पुढे कोणी वाचलंच तर दोन्ही अक्षरं एकाच माणसाची समजू नयेत.

दहाव्याचं लिहून ठेवते, कारण जो तो वेगळंच सांगत सुटलाय. रविवारी नाशिकला गंगेवर पिंड मांडला. समोर देवळाच्या कळसावर कावळेच कावळे, पण खाली एक येईना. माझं मत असं की गंगेवरचे कावळे जेवून जेवून माजलेत. रोज उठून वीस घरचा भात मिळतो, आमच्या भाताकडे कशाला बघतील? पण ते मत त्या वेळी कोणाला ऐकायचं नव्हतं.

मग सुरू झालं, गेलेल्याचं मन कशात अडकलंय. वाल्मीक, आमचा मुलगा, हात जोडून म्हणाला, "दादा, आईला मी नीट सांभाळीन." कावळा हलला नाही. त्यालाही शंका असावी. मग चिमाजी भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, पुढे झाले. मळ्यातून आमच्या घराकडे येणाऱ्या वाटेवर त्यांनी सहा वर्षं चाऱ्याची गंजी रचून ठेवली आहे. ते म्हणाले, "दादा, वाट मोकळी करतो." त्याबरोबर कळसावरचेही दोन कावळे उडून पलीकडच्या धर्मशाळेवर गेले.

दुपारचा एक वाजला. पाय पोळत होते. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले, तेव्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काय बोलणार? तेवीस वर्षांच्या संसारात यांनी मागितला तो फक्त चहा, आणि तो मी दिला होता. वैतागून मी म्हटलं, "बरं, ती तुमची इंग्रजी कविता मी पुरी करते. आता तरी या."

कावळा आला. पिंडाला शिवला, भात घेतला आणि गेला. घाटावर दोनशे माणसं होती, सगळ्यांनी ऐकलं.

मला इंग्रजी येत नाही.

२६ जानेवारी

पत्र्याच्या ट्रंकेत यांच्या वह्या निघाल्या. ही धरून अकरा. सगळ्यांत तीच एक कविता. दर खेपेला पहिल्यापासून सुरुवात, दर खेपेला वेगळे शब्द, आणि दर खेपेला त्याच जागी थांबलेली.

कविता मराठीत केलेली असल्यामुळे मला वाचता आली. ती अशी. परदेशात एक माणूस आहे. त्याची बाई मेली आहे. तो एका खोलीत पुस्तकं घेऊन बसलाय. बाहेर थंडी. खिडकीतून एक काळा पक्षी आत येतो, उंचावर बसतो आणि जात नाही. हा त्याला प्रश्न विचारतो. पक्षी दर वेळी एकच उत्तर देतो. तरी हा विचारतच राहतो. शेवटी विचारतो, माझी आणि तिची पुन्हा भेट होईल का? इथे यांची कविता थांबते. पुढे अकराही वह्यांत कोरी जागा.

हे सगळं वाचून माझ्या मनात पहिला प्रश्न आला की या माणसाला स्वयंपाक कोण करून घालतं. बायको मेल्यावर चूल पेटली का, भांडी कोणी घासली, याबद्दल कवितेत अवाक्षर नाही. नुसता खुर्चीत बसून उसासे. बाईमाणूस असती तर पक्ष्याला 'हाड' म्हणून खिडकी लावली असती आणि कणीक मळायला घेतली असती. कविता तिथेच संपली असती, चार ओळींत.

आणि तो पक्षी. काहीही विचारा, एकच उत्तर. पाटबंधारे खात्यातला असणार.

९ फेब्रुवारी

भाऊजींची विहिरीवरची मोटार जळाली. ते सकाळीच दारात.

"वहिनी, ते कवितेचं काय झालं?"

मी म्हटलं, "त्याचा मोटारीशी काय संबंध?"

"संबंध कसा नाय? दिलेला शब्द हाय. दादांचा जीव अजून घुटमळत असंल."

"मग तो तुमच्या गंजीपाशी घुटमळत असेल. वाटेचाही शब्द होता."

ते म्हणाले, त्यांनी शब्द दिल्यावर कावळा आला नव्हता, म्हणून तो धरायचा नसतो. कावळा माझ्या शब्दावर आला, म्हणून माझा धरायचा. कायदा चोख आहे. वाल्मीक नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला आहे, त्याला सांगितलं तर तो म्हणतो, "आई, मनावर घेऊ नकोस." पण सुनेला, मंगलाला, दिवस गेलेत. तीही काल हळूच म्हणाली, "आई, तेवढं पुरं करून टाका ना." तिचं तोंड बघून मला हसता आलं नाही.

म्हणजे आता मोटार जळली, गाय आटली, कोणाला शिंक आली, सगळं माझ्या माथी. आणि मंगलाला काही झालं तर? तो विचार मी बाजूला ठेवलाय, पण तो त्या पक्ष्यासारखा वर जाऊन बसलाय.

१४ फेब्रुवारी

एक गोष्ट लिहायची राहिली. खरं म्हणजे लिहायची नव्हती.

कवितेत मेलेल्या बाईला नाव आहे. परदेशी बाई, तर नाव परदेशी हवं. यांनी अकराही वह्यांत 'शकू' लिहिलंय.

शकू कोण?

आमच्या घराण्यात शकू नाही. माझ्या माहेरी नाही. शेजारात एक शकुबाई होती, पण ती दात पडलेली म्हातारी होती आणि तिला हे लांबूनच रामराम करायचे. पहिल्या वहीवर लिहिलंय, 'मालेगाव, डिसेंबर १९५८'. तेव्हा यांची बदली मालेगावला होती आणि मी मखमलाबादला माहेरी होते. म्हणजे मी माहेरी आणि हे तिकडे शकूपाशी.

या वह्या किती जपायचे. दर दिवाळीला ट्रंक उन्हात ठेवायचे आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हणायचे, मरू दे, कारकुनाला एक नाद असावा, दारू नाही प्यायले हेच खूप. आता कळलं नाद कसला होता. वीस वर्षं माझ्या हातचं खाऊन हा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून दुसरीसाठी झुरत होता. वर मला सांगायचे, "मालन, ऐक, ही ओळ कशी झालीय?" मी म्हणायचे, "छान." भाजी करपायची तेव्हा माझी.

खूप राग आलाय. मेलेल्या माणसावर रागावणं किती गैरसोयीचं असतं. भांडी आपटली तरी ऐकायला कोणी नाही.

२७ फेब्रुवारी

दुपारी आम्ही तिघी ओट्यावर झेंडूच्या माळा ओवतो. मी, सखुबाई आणि भागुबाई. दोघींचे मळे आमच्या मळ्याला लागून. गंगापूर रोडला आता बंगले उठायला लागलेत, पण आमच्या बाजूला अजून फुलं आहेत. माळा संध्याकाळच्या आत बाजारात पोचाव्या लागतात, त्यामुळे हात थांबवून चालत नाही, तोंड मात्र मोकळं असतं.

सखुबाई म्हणाली, "ती कविता हाय तरी कशी, वाच की."

मला दाखवायचंच होतं की हे किती फालतू आहे. म्हणून वाचली. पक्ष्याचा आवाज काढला, त्या माणसाचे उसासे काढले. शकूचं नाव आलं तिथे नुसतं 'ती' म्हटलं, माझी अब्रू मी झेंडूबरोबर कशाला ओवू. भागुबाई हसून हसून लोळली. पक्षी उत्तर देतो त्या जागी ती माझ्याबरोबर म्हणायला लागली.

मग बघते तर सखुबाईची सुई थांबलेली. डोळ्याला पदर.

"काय गं?"

"आमचा भाऊ गेला ना, बहिरू. मी बी असंच रोज त्याच्या खाटंला इचारायची, जेवला का रे. येडी म्हणत्याल म्हणून कोणाला बोलले नाय." मग नाक पुसून म्हणाली, "ह्या माणसाला बरं कळलं वं. साता समुद्रापल्याड बसून."

मी वही मिटली. त्या दिवशी माळा कमी झाल्या.

१५ मार्च

आता रोज वाचावी लागते. ओट्यावर सात बायका. एक तर पार आनंदवल्लीहून चालत येते. भजनाला बोलावलं तर गुडघे दुखतात या बायकांचे, पण मेलेल्या बाईचं ऐकायला बरोबर वेळेवर हजर. मी अजून पक्ष्याचा तोच आवाज काढते, त्या हसतात, आणि हसता हसता एखादीचं तोंड बदलतं. प्रत्येकीचं वेगळ्या जागी बदलतं हे मला नवल. एक खिडकीच्या जागी रडते, एक पुस्तकांच्या. भागुबाई शेवटी रडली. म्हैस मेली होती तिची तीन वर्षांपूर्वी, तिच्यासाठी. म्हणाली, माणसासाठी एवढं नाय आलं कधी.

मग मला म्हणाली, "तू कशी कोरडी गं? तुझं कोणी गेलं नाय का?"

मी म्हटलं, "आत्ता दोन महिने झाले मालकांना."

"त्यांचं नाय इचारत. त्यांच्या आधी."

आता माझं कोण जाणार? आईवडील वयाने गेले. वाल्मीकच्या आधीची एक पोर अकरा दिवसांची असताना गेली, पण तिचं बारसंही झालं नव्हतं. नाव न ठेवलेलं मूल गेल्यात धरत नाहीत. त्याचा दहावा नाही, पिंड नाही, सुतक पण नावापुरतं. सासूबाईंनी सांगितलं होतं, तिचा विषय काढायचा नाही, पुढच्याला बाधतं. मी काढला नाही. झालं.

८ एप्रिल

शेवट लिहायला बसले. तीन दिवस बसतेय.

तो विचारतो, तिची माझी भेट होईल का? पक्ष्याने काय म्हणायचं? मी लिहिलं, 'होईल.' वाचलं तर वाटलं, पक्षी यांना खूश करायला खोटं बोलतोय, आणि शकूशी भेट माझ्याच हाताने घालून देऊ? खोडलं. 'नाही होणार.' हे लिहून मला जरा बरं वाटलं, म्हणून तेही खोडलं. 'उद्या या.' 'साहेब जागेवर नाहीत.' 'अर्ज करा.' हे तिन्ही मंगलाला वाचून दाखवले, ती पोट धरून हसली आणि मग तिच्या पोटाला काही होईल म्हणून मीच घाबरले.

आधी पक्षी दर वेळी एकच म्हणतो, पण मूळ कवितेत शेवटीही तेच म्हणतो का ते कळलं तर ते उतरवून मोकळी होईन. यांना ती कविता मालेगावात कोणी मास्तरांनी दिली होती, सहादू मास्तर, असं एकदा म्हणाले होते. मास्तर जिवंत असतील तर दोन कामं होतील. एक पक्ष्याचं आणि एक शकूचं. दुसऱ्या कामासाठी चाललेय हे वाल्मीकला सांगायचं नाही.

१७ मे

मालेगावला जाऊन आले. आजच लिहिते.

सकाळच्या एसटीने गेले. पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या ट्रकांमुळे गाडी तासभर अडकली. शेजारची बाई म्हणाली, कुठे निघालात? मी म्हटलं, नवऱ्याची लफडी शोधायला. ती उठून पुढच्या सीटवर गेली.

मास्तर मोसम पुलाच्या पलीकडे राहतात, त्याच जुन्या खोलीत. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. आवाज इतका की शेजारी बसलेल्या माणसाशी ओरडूनच बोलावं लागतं. मास्तर बागलाणातले, सत्तरी उलटली असेल, बोलता बोलता अहिराणीत घसरतात. मी नाव सांगितलं तर हातातली काठी खाली ठेवून बसले.

"पुंजाराम गया?" म्हणाले. मग उठून मला पाणी दिलं.

मी म्हटलं, "मास्तर, तो पक्षी शेवटी काय म्हणतो?"

"काय?"

"पक्षी. काय म्हणतो?"

"नाही म्हणतो. प्रत्येक वेळी तेच. कधीच नाही. ते तर पुंजारामला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं मी. त्याला येत होतं उत्तर. त्याच्याच्यानं लिहवत नव्हतं. दर दोन वर्षांनी पत्र टाकायचा, मास्तर, दुसरं काही म्हणता येईल का त्याला?"

मग मी मनाचा हिय्या करून विचारलं, "शकू कोण?"

"ऐकू नाही आलं."

"शकू! शकू कोण होती?" माझ्या ओरडण्याने समोरच्या मागावरच्या माणसाने मान वळवून बघितलं.

मास्तर म्हणाले, "तुमनी पोर वो वैनी." आणि मला कळलं नाही असं समजून परत ओरडले, "तुमची मुलगी!"

मुलगी झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी हे या गल्लीत घरोघर बत्तासे वाटत फिरले होते म्हणे. मागावरच्या सगळ्यांना सांगितलं, पोरगी झाली, नाव शकू. मास्तर म्हणाले, अरे नाव आत्या ठेवते, बारसं होऊ दे. तर म्हणाले, आत्या ठेवील ते ठेवील, मी शकूच म्हणणार. बाराव्या दिवशी निघायचं म्हणून झबलं आणून ठेवलं होतं, पिवळं. अकराव्या दिवशी तार आली.

"परत आला तेव्हा मी उद्याचा धडा वाचत बसलो होतो, हीच कविता. मोठ्याने. त्याने विचारलं, काय आहे? मी अर्थ सांगितला. तो म्हणाला, मास्तर, मला ही लिहून द्या." मास्तर चष्मा पुसत होते. "तीस वर्षं शिकवली मी ही कविता. पोरं हसतात, बाकं वाजवतात, पक्ष्याचे आवाज काढतात. आणि दर वर्षी एखादं पोरगं असतं, खाली बघतं. मला कळतं याच्या घरी कोणीतरी गेलंय. त्या एकासाठी मी दर वर्षी शिकवायचो. पुंजाराम त्यातलाच."

सगळं ओरडून सांगितलं त्यांनी. मागांना काय, ते चालूच होते. मी पक्ष्याचा आवाज काढते हे मी त्यांना सांगितलं नाही.

२० मे

काही लिहायचं नाही. झेंडूला पाणी दिलं.

३ जून

लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

पोर गेल्यावर हे दुसऱ्या दिवशी मखमलाबादला आले. मी आत, अंगावर दूध फुटलेलं, छाती बांधलेली. हे दारात उभे राहिले आणि विचारलं, "जेवलीस का?" चहा घेतला. तिला पुरलं होतं त्या शेवग्याखाली थोडा वेळ जाऊन बसले आणि संध्याकाळच्या गाडीने गेले. डोळ्यातून टिपूस नाही. मी ते मनात धरून ठेवलं. वाल्मीक झाला तेव्हाही धरून होते, यांच्या आजारपणात पाय चेपतानाही धरून होते, की हा माणूस चहा पिऊन गेला.

आणि याने तिचं नाव ठेवलं होतं. मी नऊ महिने पोटात वागवून मला नाव सुचलं नाही, मी नुसतं 'बाय' म्हणायचे. मला का नाही सांगितलं? मी रोज ओट्यावर ऐकत होते की. "ही ओळ कशी झालीय?" म्हणजे सांगतच होते की काय? मी म्हणायचे, छान.

विषय काढायचा नाही म्हणून त्यांनी काढला नाही, मीही नाही. दोघांनी सासूबाईंचं ऐकलं. एवढे आज्ञाधारक आम्ही कधीच नव्हतो.

मला ते पाहिजेत. आत्ता, इथे, दोन तासांसाठी. भांडायला आणि मग रडायला. एवढंच.

१२ ऑगस्ट

मंगला बाळंत झाली. मुलगी. दोघी ठीक. भाऊजी म्हणाले, बघा, कविता नाय झाली तरी निभावलं. मी म्हटलं, थांबा, अजून तुमची मोटार आहे.

अकराव्या दिवशी मी पाळण्यापासून उठणार नाही.

२४ ऑगस्ट

काल बारसं झालं. पोरगी चांगली ठणठणीत, कान टोचताना सगळ्या गल्लीला कळवलं तिने. वाल्मीकला बहीण नाही, तेव्हा कानात कुर्र कोणी करायचं यावरून बायकांत चर्चा झाली आणि शेवटी भागुबाईने केलं. मी कोपऱ्यात बसून म्हटलं, असती एक आत्या. कोणाला ऐकू गेलं नाही.

२१ सप्टेंबर

आज सर्वपित्री. यांचं पान या वर्षी नाही, पहिलं वर्ष पुरं व्हावं लागतं. म्हणून घरात फक्त सासऱ्यांचं आणि सासूबाईंचं. भाऊजीही आमच्याकडेच जेवायला.

मी तिसरं पान वाढलं. भाऊजी म्हणाले, "हे कोणाचं?"

मी खीर वाढली. वडे वाढायला गेले आणि हात थांबला, दात कुठे होते तिला. अकरा दिवसांचं पोर काय वडा खाणार? नुसत्या खिरीवर पान ठेवलं. मग हिशेब केला. या कार्तिकात ती एकवीस वर्षांची झाली असती. चांगले बत्तीस दात असते, आणि आईसारखी असती तर जीभही असती. म्हणून दोन वडे ठेवले.

पान घेऊन कौलावर ठेवायला निघाले तर भाऊजी आडवे आले. "वहिनी, सांगा तर खरं. पितरात भलतं पान ठेवू नये."

"शकूचं आहे," मी म्हटलं.

"कोण शकू?"

वाल्मीक दारात होता. मंगला पोरीला घेऊन उभी होती. मी म्हटलं, "आमची थोरली."

एवढंच म्हटलं आणि मला रडू आलं. एकवीस वर्षांचं एकदम, सगळ्यांच्या देखत, हातात पान घेऊन. वाल्मीकने पान हातातून घेतलं. त्याला बहीण होती हे त्याला आज कळलं. त्याने शिडी लावली आणि पान कौलावर ठेवून आला.

सासूबाईंचं पान शेजारीच होतं. कावळा आला. आधी शकूच्या पानावरचा वडा उचलला. मग दुसरा. सासूबाईंकडे त्याने ढुंकून बघितलं नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग लक्षात आलं. त्या परदेशातल्या माणसाने पक्ष्याला इतकं विचारलं, पण एकदाही काही खायला घातलं नाही. पुस्तकं होती, खुर्ची होती, दाण्याचं नाव नाही. तो बिचारा नाही म्हणणार नाही तर काय करील? आणि आमचे कावळे बोलत नाहीत. त्यांना विचारून उपयोग नाही. त्यांना वाढावं लागतं.

यांच्या कोऱ्या जागी लिहिलं:

पक्षी काही बोलला नाही.
मी शकूचं पान वाढलं.
तो खाली आला.

यांच्यासारखं यमक नाही जमलं. पण पुरी झाली.

२२ सप्टेंबर

सकाळी उठून बघते तर वाटेवर गंजी नाही. भाऊजींनी पहाटेच हलवली असावी. भेटले तेव्हा दोघंही पावसाबद्दल बोललो.

यांना सांगायचंय की तुमचं पान पुढच्या वर्षी. तोवर थांबा. मला एकवीस वर्षं थांबवलंत.

दुपारी ओट्यावर बायका आल्या. शेवट वाचून दाखवला. भागुबाई म्हणाली, एवढंच? आनंदवल्लीची म्हणाली, आधीचं अपुरंच बरं होतं, आपल्याला वाटंल ते घालता यायचं. सखुबाईने सुईत दोरा ओवला, झेंडूची टोपली जवळ ओढली आणि म्हणाली, "आता परत पहिल्यापासून वाच."

वाचली. पक्ष्याचा आवाजही काढला, त्याशिवाय त्या ऐकत नाहीत. या वेळी नाव गाळलं नाही.